लायपो चार्ज करतो म्हणून लाइटबिल वाढतंय? आधी मीटरच्या लाल दिव्याला विचारा

घरात कोणी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारं, विमान, ड्रोन, बोट किंवा गाडीचा नाद लावून घेतला, की दोन-तीन बिलांनंतर एक तक्रार हमखास येते. टेबलावर लायपोच्या, म्हणजे त्यांतल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या, चार्जरचा पंखा घुरघुरत असतो, स्क्रीनवर आकडे पळत असतात, दिवे लुकलुकत असतात. संशय घ्यायला याहून सोयीचा आरोपी कुठे मिळणार? गुहागरला माझ्या मावशीकडे हेच चाललं होतं. मावसभावाने दिवाळीत विमान घेतलं, आणि होळीपर्यंत ९०-९५ युनिटचं बिल १३० च्या पुढे गेलं. मावशीचा निकाल तयार होता: "त्या चार्जरनेच बिल वाढवलान!"

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. चार्जर महिनाभर बंद ठेवूनही बिल उतरत नाही, मग घरात दुसरा वाद सुरू होतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रमच इथे मांडतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. बॅटरीत भरली जाणारी वीज चिल्लर आहे. बिल वाढवते ती बॅटरीच्या आजूबाजूला, कोणाचं लक्ष नसताना चालू राहिलेली सामग्री. आणि बहुतेक घरांत तिचा आपल्या नादाशी फारसा संबंध नसतो.

एका पॅकला किती वीज लागते

हिशोब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. असे हजार वॉट-अवर झाले की मीटरवर एक युनिट.

विमानात सर्रास वापरला जातो तो ३एस (एका रांगेत जोडलेले तीन सेल), २२०० एमएएचचा, म्हणजे २.२ अँपिअर-अवरचा बॅटरी पॅक घ्या. ११.१ व्होल्ट गुणिले २.२, म्हणजे साधारण २४ वॉट-अवर. शहाणा माणूस तो पूर्ण रिकामा करत नाही, वीसेक टक्के शिल्लक ठेवून खाली उतरवतो. म्हणजे भरायचे उरतात १९-२० वॉट-अवर. आता भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीपर्यंत वाटेत दोन ठिकाणी गळती होते. २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये थोडी, आणि चार्जरमध्ये थोडी. दोन्ही मिळून पाव हिस्सा उष्णता होऊन जातो असं धरलं, तर सॉकेटमधून २७ वॉट-अवर ओढले जातात. एका युनिटमध्ये असे ३७ पॅक भरतात.

शनिवारी चार आणि रविवारी चार पॅक उडवणाऱ्याचं महिन्याचं काम एका युनिटच्या आसपास संपतं. एका युनिटमध्ये!

इतर बॅटऱ्यांचंही असंच. आरसी गाडीतला २एस ५००० एमएएचचा पॅक ३७ वॉट-अवरचा, युनिटमध्ये पंचवीसेक वेळा भरेल. रेसिंग ड्रोनचा ६एस १३०० एमएएच २९ वॉट-अवरचा. रिमोटमध्ये घालायचे चार एए निकेल सेल जेमतेम १० वॉट-अवरचे. स्वस्त, संथ चार्जरवर त्यांना दुप्पट वीज लागली तरी एका युनिटमध्ये पन्नास वेळा भरतील. मैदानावर न्यायची १२ व्होल्ट ७ एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर ती ८४ वॉट-अवरची, आणि तिच्यात गळती जास्त, म्हणून सव्वाशेच्या आसपास धरा.

आता रुपये. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटचा टप्पा स्वस्त, १०१ ते ३०० चा त्याच्या जवळपास दुप्पट, पुढे ३०१ ते ५०० आणि त्यावरचा आणखी महाग. दर बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या बिलाच्या मागचा तक्ता बघा. मी हिशोबासाठी वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून दुसऱ्या टप्प्याचं युनिट १३ रुपयांना पकडतो. त्या दराने एक पॅक भरायला ३५ पैसे पडतात. महिन्याचे ११-१२ रुपये. गुहागरच्या बिलात ४० युनिटची वाढ होती. तेवढी वाढ पॅकनी करायची तर पोराने महिन्यात दीड हजार पॅक उडवायला हवेत. नोकरी सोडली तरी जमणार नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिटं महाग दराने लागतात, असं बरेच जण ठासून सांगतात. तसं नसतं. पहिली १०० स्वस्त दरानेच राहतात, वरची तेवढी महाग. मात्र वापर आधीच १०० च्या पुढे असेल, तर वाढीव प्रत्येक गोष्ट महाग दराने मोजायची. म्हणून मी ६-७ रुपये न धरता १३ धरले.

चुकीचं मोजमाप

"मी स्वतः मोजलं, शंभर वॉट घेतो," असं म्हणणारे भेटतात. बहुतेकांनी क्लॅम्प मीटर वायरीला लावलेला असतो. ०.४ अँपिअर दिसले, त्याला २३० ने गुणलं, ९२ आले. स्वस्त एसएमपीएस, म्हणजे चार्जरला १२ व्होल्ट देणारा तो पॉवर सप्लाय, वीज झटक्या-झटक्याने ओढतो. त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॉटचा हिस्सा, ०.६ च्या आसपास असू शकतो. म्हणजे खरे वॉट ५५. घरगुती मीटर हे खरे वॉटच मोजतो, गुणाकाराने आलेला फुगीर आकडा नाही. अडॅप्टरवरचं "१२ व्होल्ट ५ अँपिअर" वाचून ६० वॉट धरणंही चूकच. तो जास्तीत जास्त देऊ शकतो तेवढा आकडा आहे. चार्जर अर्ध्या अँपिअरवर रांगत असेल तर ओढही तेवढीच.

सॉकेटमध्ये खोचायचा वॉटमीटर असेल तर उत्तम, पण पाच वॉटच्या खाली त्यातल्या स्वस्त यंत्रांचा भरवसा धरू नका. आणि तो नसला तरी अडत नाही. तुमच्या पडवीत भिंतीला एक नेमकं, सरकारमान्य मोजमाप फुकट टांगलेलं आहेच.

लाल दिवा आणि ११२५ चा आकडा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरात एका युनिटमागे किती लुकलुक होतात ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, काहींवर १६०० किंवा आणखी वेगळं. तुमचा आकडा डोळ्यांनी वाचा, माझा धरू नका.

३२०० असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं. उत्तर येतं ते त्या क्षणी घर ओढत असलेले वॉट. २२ सेकंदांनी दिवा लुकलुकला तर ५० वॉट. १६०० वाल्या मीटरला ११२५ च्या जागी २२५० घ्यायचे. ओढ कमी असेल आणि दिवा फार वेळाने लागत असेल, तर एका लुकलुकीवर भिस्त ठेवू नका. पाच लुकलुकींचा वेळ घ्या आणि पाचने भागा. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे.

परीक्षा रात्री जेवणं आटोपल्यावर करावी. फ्रिज बंद करा, पंखे-दिवे बंद करा, पंप बंद. एरवी "बंदच असतं की" म्हणून आपण जे धरून चालतो ते मात्र जसंच्या तसं राहू द्या: वायफाय, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, चार्जरचा पॉवर सप्लाय, मोबाइलचे अडॅप्टर. आता मोजा.

मावशीकडे साडेबारा सेकंद आले. म्हणजे घर झोपलेलं असताना ९० वॉट जात होते. ९० वॉट चोवीस तास महिनाभर चालले तर ६५ युनिट होतात. बॅटरी तर चार्जला लावलेलीही नव्हती, मावसभाऊ शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

मग एकेक वस्तू काढत गेलो. इन्व्हर्टरचा सप्लाय बंद केला आणि दिवा चक्क सदतीस-अडतीस सेकंदांवर गेला, म्हणजे ३० वॉट. चार्जरच्या पॉवर सप्लायचं बटण बंद केलं, ५६ सेकंद. म्हणजे २० वॉट. उरलेले वीस राउटर आणि सेट-टॉप बॉक्सचे, ते पूर्वीपासून होतेच. ६० वॉट एकट्या इन्व्हर्टरचे, १० पॉवर सप्लायचे.

आपल्या टेबलावरचा खरा चोर

आधी त्या दहा वॉटकडे बघू, कारण तेवढा दोष आपला आहे. ३० अँपिअरचा पत्र्याच्या पेटीतला पॉवर सप्लाय, किंवा जुन्या कॉम्प्युटरचा-सर्व्हरचा काढलेला, काहीही चार्ज करत नसताना नुसता तापून आणि पंखा फिरवून सात-आठ ते पंधरा वॉट खातो. दहा धरले तर महिन्याला ७ युनिट होतात, ९० रुपयांच्या वर. महिन्याभराच्या सगळ्या पॅकच्या चार्जिंगच्या सातपट! चार्जर बंद केला, पॅक काढून ठेवला, की आपल्याला वाटतं काम झालं. भिंतीवरचं बटण तसंच राहतं. यावर उपाय शोधायला कुठे जायला नको, त्या बटणावर बोट ठेवायचं. ते कपाटामागे गेलं असेल तर बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड आणा आणि टेबलाच्या पुढच्या कडेला स्क्रूने ठोका.

दुसरी गळती स्टोरेजच्या, म्हणजे पॅक अर्धवट भरलेला ठेवण्याच्या, नादातली. शुक्रवारी रात्री सगळे पॅक सेलमागे ४.२ व्होल्टला भरायचे, शनिवारी वारा सुटला म्हणून घरी बसायचं, आणि रविवारी तेच पॅक चार्जरवर डिस्चार्ज करून ३.८-३.८५ ला आणायचे. छोट्या चार्जरची डिस्चार्जची ताकद पाचेक वॉटची असते, त्यामुळे एका पॅकला दोन तासांच्या वर लागतात. भरलेली वीज उष्णता होऊन गेलीच, शिवाय पॉवर सप्लाय तेवढा वेळ भिंतीतून ओढत राहिला. पॅक रिकामा करायला भरण्याइतकीच वीज गेली! पॅक कायम स्टोरेजला ठेवावेत आणि निघायच्या तास-दीड तास आधी भरावेत. आमच्याकडे मृगापासून श्रावण सरेपर्यंत उडवणं जवळपास बंदच असतं. त्या काळात तर पॅक भरून ठेवण्याला काहीच अर्थ नाही.

तिसरी गोष्ट खास समुद्राकाठची. खाऱ्या दमट हवेत बॅलन्स लीडच्या, म्हणजे चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दाखवणाऱ्या बारीक वायरींच्या, पांढऱ्या प्लगमधल्या बारीक पिना काळवंडतात, तांब्यावर हिरवट राप चढतो. संपर्क नीट बसत नाही, चार्जरला एका सेलचा व्होल्टेज चुकीचा दिसतो, आणि तो शेवटच्या टप्प्यात सगळे सेल सारखे करायला तासन् तास "बॅलन्स" करत बसतो. एका तासाचं काम तीन तासांवर जातं. बॅटरीत त्या जादा दोन तासांत काहीच जात नाही, पण पंखा आणि पॉवर सप्लाय चालूच. पॅक भरायची वीज सत्तावीस वॉट-अवर, आणि या ताटकळण्याची वीस. ओळखायचं कसं? त्याच पॅकचे सेल वेगळ्या मल्टिमीटरने मोजा. मीटरवर तिन्ही सारखे आणि चार्जरवर एक वेगळा दिसत असेल तर पिना. मीटरवरही एक सेल मागे असेल तर तो सेल म्हातारा झाला. पिना असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो तो कॉन्टॅक्ट क्लीनर. प्लग दहा वेळा खोचून-काढूनही तात्पुरतं जमतं. चार्जर आणि लीड नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या पावसाळ्यात उन्हाअभावी वाळत नाहीत, तव्यावर मंद आचेवर तापवून घ्याव्या लागतात. कागदी पुडी जळते, म्हणून दाणे वाटीत काढून तापवावेत, आणि तो तवा भाकरीचा नसावा.

खाडीत बोट चालवणाऱ्यांनी तर हे दर वेळी करायला हवं. गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय बोट घरात आणायची नाही, आणि पॅकच्या कनेक्टरवर एक शिंतोडाही पडला असेल तर पुसून, वाळवूनच चार्जला लावायचं.

एवढं करून महिन्याला आठ-दहा युनिट वाचतील. त्यापुढे विजेसाठी जीव टाकू नका, कारण या नादातला खर्च वीज नाहीच. दीड-दोन हजारांचा पॅक नीट वापरला तर दीडशे-दोनशे वेळा भरतो. म्हणजे प्रत्येक उड्डाणामागे पॅकची झीज दहा रुपयांच्या आसपास आणि वीज ३५ पैसे. पंधरा पैसे वाचवायला पॅक उन्हात गाडीत ठेवणारा, किंवा "चालू दे रात्रभर, सकाळी काढू" म्हणणारा माणूस हिशोब उलटा करतोय. चार्जिंग नेहमी समोर बसून करावं. चिनीमातीच्या ताटलीवर, फरशीवर करा. पडवीत पेंढा, सुंभ, नारळाच्या झावळ्या रचलेल्या असतील तर तिथे मुळीच नको. फुगलेला पॅक कितीही प्रिय असला तरी त्याला चार्जर दाखवू नये.

मावशीकडचे साठ वॉट

आता इन्व्हर्टर. कोकणात तो चैनीचा राहिलेला नाही. पावसात आंब्याची फांदी तारेवर पडली की लाइट गेली, आणि परत कधी येईल ते कोण सांगणार. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तेव्हापासून ज्याच्याकडे नव्हता त्यानेही घेतला.

१२ व्होल्ट १५० एएचची इन्व्हर्टरची बॅटरी १८०० वॉट-अवरची असते. म्हणजे आपले सत्तरेक लायपो पॅक एका डब्यात. अर्धी उतरली तर परत भरायला सव्वा युनिटच्या वर लागतं, कारण लेड-अ‍ॅसिडमध्ये आणि तिच्या चार्जरमध्ये गळती बरीच. जुलैत दहा-बारा वेळा अशी उतरली तर पंधरा युनिटं तिथेच गेली. आणि लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरवर लायपो चार्ज करणाऱ्याला तीच वीज दोनदा गाळून मिळते. ती ३५ पैशांची ६०-७० पैशांना पडते. पैसे क्षुल्लक आहेत, पण रात्री पंखा बंद पडला की घरचे काय म्हणतील ते वेगळं.

चांगल्या स्थितीतली बॅटरी भरली की करंट कमी कमी होत अगदी थोडा उरतो. चार-पाच वर्षांच्या, पाणी न घातलेल्या बॅटरीत एखादा सेल आतून बसतो, आणि मग ती कधी "भरतच" नाही. चार अँपिअरच्या आसपास करंट रात्रंदिवस चालू राहतो. मावशीकडे तेच होतं. लक्षणं डोळ्यांसमोर होती. बॅटरीच्या कुशीला हात लावला तर कोमट, सहापैकी एकाच तोंडाचं पाणी सारखं खाली, इन्व्हर्टरची गुणगुण कधी थांबत नाही, आणि एवढं करून लाइट गेली की बॅकअप अर्धा तास. त्या जादा पन्नास वॉटचे महिन्याला ३६ युनिट, साडेचारशे रुपयांच्या पुढे. दिवाळीत विमान आलं आणि त्याच सुमारास बॅटरीने मान टाकली, एवढाच काय तो संबंध.

पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालून, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुऊन दोन दिवस बघावं. विहिरीचं किंवा पागोळ्यांचं पाणी घालू नये. सगळ्या तोंडांची ग्रॅव्हिटी (आतल्या अ‍ॅसिडची घनता) हायड्रोमीटरने मोजून एखादं फार मागे निघालं तर बॅटरी बदलण्याला पर्याय नाही. हे काम बॅटरीवाला पाच मिनिटांत करून देतो.

बाकीचे संशयित

इन्व्हर्टर नसेल तर पंप. एक एचपीचा पंप तासाला एक युनिट खातो असं ढोबळ धरा. आगराला शिंपणं घरच्या लाइनीवर चालत असेल, तर जानेवारीपासून मेपर्यंत बिल चढणारच, कारण पोफळीला पाणी रोज लागतं आणि विहीर खोल खोल जाते. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची पाणी धरून ठेवणारी झडप) गळका असेल तर प्रत्येक वेळी पाणी भरून घेण्यात पंप पाच-दहा मिनिटं फुकट फिरतो. लाइनीच्या टोकाच्या वाडीत व्होल्टेज १८० वर आलं की पंप तापतो जास्त आणि पाणी देतो कमी. तीच टाकी भरायला जास्त वेळ, जास्त युनिट. आपल्या चार्जरच्या एसएमपीएसला मात्र कमी व्होल्टेजने वीज जास्त लागत नाही, तो करंट वाढवून तेवढेच वॉट घेतो. हे मुद्दाम सांगतो, कारण "व्होल्टेज कमी म्हणून चार्जर जास्त खातो" हेही मी ऐकलंय.

चाकरमानी हा नाजूक विषय आहे. गणपतीत आणि मे महिन्यात घरात दोनाची दहा माणसं होतात, रात्रभर पंखे, दिवसभर फ्रिजचं दार उघडं, गिझर. बिल येतं ते मंडळी मुंबईला पोचल्यावर. आणि मे महिन्यातच आकाश मोकळं म्हणून उडवणंही जास्त, मुंबईची पोरं "दादा, मला एकदा" करत मागे असतात. दोन्ही गोष्टी एकाच बिलात येतात आणि पाहुण्यांना कोण बोलणार, म्हणून खापर चार्जरवर फुटतं. उपाय साधा आहे. यंदाचं मेचं बिल मार्चशी ताडून पाहू नका, गेल्या मेशी ताडा. मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख बिलावर छापलेला असतोच.

बिलच नीट वाचण्याचीही सवय लावा. आधी "चालू रीडिंग" पडवीतल्या मीटरशी जुळतंय का बघा. घराला कुलूप असल्यामुळे मधलं एखादं बिल सरासरीने आलेलं असेल, तर पुढच्यात दोन महिन्यांचं साचलेलं एकदम येतं आणि बघणाऱ्याला वाटतं वापर दुप्पट झाला. दोन रीडिंगमधले दिवसही मोजा. तीस दिवसांचं बिल आणि सदतीस दिवसांचं बिल यांची बरोबरी होत नाही. घरात ई-स्कूटर आली असेल तर तीही धरा. तीन युनिटची बॅटरी एकदा भरायला साडेतीनच्या आसपास जातात, म्हणजे तुमचे तीन-चार महिन्यांचे पॅक. मात्र तिला कोणी नाव ठेवत नाही, कारण तिच्यावरून दूध येतं.

सोलर पॅनल घेऊन लायपो त्यावर चार्ज करावेत का, असंही विचारतात. ५० वॉटचं पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी यांतून चार्जर छान चालतो, कारण चार्जरला १२ व्होल्टच हवे असतात. माळावर उडवायला जाणाऱ्यांनी जरूर करावं. पण महिन्याचे बारा रुपये वाचवायला घेत असाल तर पॅनलचे पैसे फिटायला नातू उजाडेल. टीओडीचं, म्हणजे दिवसातल्या वेळेप्रमाणे दर लावणारं, नवीन मीटर बसलं असेल तर दिवसाच्या वापराला सवलत असते, तेव्हा चार्जिंग दुपारी करा. वाचेल ते रुपया-दोन रुपये, पण दुपारी तुम्ही जागे असता हा फायदा मोठा.

सगळं काढल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर

एकेक वस्तू काढूनही मीटर चालत असेल तर आता एमसीबी (बोर्डातले प्रत्येक लाइनीचे ऑटोमॅटिक स्विच) एकेक करून पाडा. कोणती पाडल्यावर दिवा थांबतो ते बघा आणि त्या लाइनीवर काय काय आहे ते शोधा. जांभ्याच्या जुन्या भिंतीत गेलेली वायरिंग, विहिरीकडे जमिनीतून नेलेली पंपाची केबल, गोठ्यातला होल्डर, नारळाला बांधलेली गणपतीतली माळ ही आमच्याकडची नेहमीची ठिकाणं. पाऊस लागला की इन्सुलेशनमधून वीज जमिनीत झिरपते. आताचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट बघतात, फरक आढळला तर जास्तीच्या बाजूने मोजतात आणि "अर्थ" किंवा तसं काही लिहिलेला वेगळा दिवा लावतात. तो दिवा लागलेला दिसला तर बिलाचा विचार नंतर करा. त्या लाइनीची एमसीबी पाडून ठेवा, ओल्या भिंतीला आणि पंपाच्या पाइपाला हात लावू नका, आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. इन्सुलेशन तपासायचं मेगर त्याच्याकडे असतं. आरसीसीबी (गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवलेली नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.

तुमच्याकडचा मेन स्विच पूर्ण पाडल्यावरही लाल दिवा ठराविक वेळाने लुकलुकतच राहिला, तर दोष मीटरमध्ये किंवा मीटर आणि मेनच्या मधल्या वायरीत. दोन-चार लुकलुकींचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, चौकटीत पाडलेला मेन आणि मीटरचा नंबर दोन्ही दिसू द्या. मग वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. तपासणीची फी भरावी लागते, तिची पावती आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच दोन्ही बिलाच्या फाइलीला लावून ठेवा.